उताराची गंमत

शोरूममध्ये त्यांना सगळे काका म्हणायचे. गेटवरचा वॉचमन त्यांच्याहून चांगला पाच वर्षांनी मोठा, तोही काकाच म्हणायचा. बावीस वर्षं त्यांनी गाड्या विकल्या, आणि खोटं कशाला बोला, विकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाकीचे सेल्समन गिऱ्हाइकाच्या हातात माहितीपत्रक ठेवायचे. काका गिऱ्हाइकाला गाडीत घालून थेट खाणीवर न्यायचे.

खाण म्हणजे शोरूमच्या मागची, बंद पडलेली दगडाची खाण. काठावरून तळापर्यंत जाणारा रस्ता नुसता खडीचा, मध्ये मध्ये चिखल, आणि उतार असा की पायी जाणाऱ्याने बूड टेकत टेकत जावं. कंपनीची सगळ्यात महागडी गाडी दाखवायला काकांनी मुद्दाम ही जागा निवडली होती, कारण ती गाडी गुळगुळीत रस्त्यावर कुणाच्या डोळ्यांत भरायचीच नाही. स्टेशन वॅगन होती ती. लांबलचक, मागून कपाटासारखी चौकोनी. गिऱ्हाईक तिच्याभोवती एक चक्कर मारायचं आणि नाक मुरडायचं, "एवढ्या किमतीत हा डबा?"

"बसा तर खरं," काका म्हणायचे.

मग त्यांचा तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. चारही चाकांना इंजिनाची ताकद. एखादं चाक चिखलात नुसतं फिरायला लागलं, तर पापणी लवायच्या आत त्याची ताकद काढून घ्यायची आणि ज्या चाकाला पकड आहे त्याला द्यायची. खाली हवेचं सस्पेन्शन, रस्ता खराब लागला की गाडी स्वतःच अंग उचलून घेते. शून्यावरून शंभरावर पाच सेकंदांत. मागे चार सुटकेसा, दोन सायकली आणि वर सासूबाईंची व्हीलचेअर मावते. सीट थंडीत गरम, उन्हाळ्यात गार. आडवं माणूस आलं, सायकल आली, दुसरी गाडी आली तर ही आपणहून ब्रेक मारते. नऊ एअरबॅगा. धडकेच्या चाचणीत पाचापैकी पाच तारे. हे सगळं काका एका दमात बोलायचे आणि बोलता बोलता गाडी खाणीच्या काठावर आणून उभी करायचे.

"आता गंमत बघा," ते म्हणायचे.

गंमत अशी होती. काका सीट पार मागे घ्यायचे, वाकून दोन्ही बूट काढायचे आणि ते शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाच्या पायांजवळ जोडीने नीट ठेवायचे. "पांढरं चामडं आहे, मालक. बूट वर कसे घेणार?" हे वाक्य ठरलेलं. मग ब्रेकवरचा पाय सोडायचा आणि सरळ मांडी घालून बसायचं, गाडी चालवायच्या सीटवर! खाली एवढी दरी आ वासून बसलेली. गिऱ्हाइकाची वाचा बसायची. आणि ती दोन टनांची गाडी खालून टकटक टकटक आवाज करत, मुंगीच्या पावलांनी, काही झालंच नाही अशा थाटात तळाशी पोचायची. काकांचे हात तेवढे स्टीअरिंगवर. "गाडीला उतार कळतो," ते म्हणायचे. "आपण फक्त दिशा द्यायची."

गाडीला उतार कळत नव्हता. गाडीला बटण कळत होतं. गियरच्या दांड्याजवळ सहा बटणं होती, सगळी एकसारखी, त्यातलं तिसरं दाबलं की गाडी उतारावर आपला वेग आपण धरून ठेवायची. काका ते बटण पाण्याची बाटली खाचेत ठेवता ठेवता अंगठ्याने दाबायचे. डायलवर हिरवं चिन्ह उमटायचं, पण त्या क्षणी ते गिऱ्हाइकाला खिडकीबाहेरची दरी दाखवत असायचे. अकरा वर्षांपूर्वी, या गमतीच्या अगदी सुरुवातीला, त्यांनी एकाला बटण दाखवून हा प्रयोग केला होता. तो माणूस म्हणाला, "हां, म्हणजे बटण आहे होय," आणि त्याचा चेहरा असा पडला की गाडी काही विकली गेली नाही. तेव्हापासून बटण लपवायचं आणि गाडी ताब्यात देताना, किल्ली हातात ठेवण्याआधी, हळूच सांगायचं, हा काकांचा नियम. सांगितलं की गिऱ्हाईक हसायचं, "लबाड आहात हो काका," म्हणायचं. तोवर पैसे भरलेले असायचे.

डॉक्टरांच्या बाबतीत तो नियम चुकला.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. वय चौसष्ट. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून पाठीला बाक आलेला, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. नुकताच दवाखाना बंद केलेला. खाणीच्या उतारावर काकांनी मांडी घातली तेव्हा हा माणूस शाळकरी पोरासारखा टाळ्या पिटून हसला होता. "पुन्हा! पुन्हा एकदा!" काकांनी पुन्हा केलं. डॉक्टरांनी शेजारच्या सीटवर स्वतःही बूट काढून पाहिले, डावा गुडघा काही वर येईना, तर दोन्ही हातांनी ओढून वर घेतला. "आमच्या हिला दाखवली पाहिजे ही गंमत," ते म्हणाले. "तिला गाडी नकोच आहे. म्हणते, या वयात काय करायचंय हे धूड. पण हे पाहिलं ना, की विरघळेल बघा."

"आणा वहिनींना," काका म्हणाले.

"छे! मीच करून दाखवीन."

गाडी ताब्यात द्यायचा दिवस शनिवार होता आणि त्या दिवशी पाच गाड्या जायच्या होत्या. ताबा देताना एक फॉर्म भरायचा असतो. एक्केचाळीस चौकोन, प्रत्येकापुढे एकेक गोष्ट, समजावून सांगितली की खूण करायची. काकांना तो फॉर्म तोंडपाठ, त्यामुळे ते आधी वरपासून खालपर्यंत एका रेघेत खुणा करून टाकायचे आणि मग गाडीभोवती फिरत फिरत सांगायचे. डॉक्टर थांबायला तयार नव्हते. "हो हो, कळलं, कळलं," म्हणत ते किल्लीसाठी हात पुढे करत होते. तेवढ्यात तिसऱ्या गाडीच्या गिऱ्हाइकाने पलीकडून हाक मारली. काकांनी किल्ली दिली, हात मिळवला, आणि मनात म्हटलं, बटणाचं संध्याकाळी फोन करून सांगू.

संध्याकाळी राहून गेलं. मग रविवार होता. मग ते डोक्यातूनच गेलं.

विसाव्या दिवशी, सकाळी सव्वादहाला, डॉक्टरांची गाडी पाण्याच्या टाकीच्या टेकडीवरून उतरताना वळणावरच्या दगडी भिंतीवर आदळली. गाडीत डॉक्टर एकटे होते. जागच्या जागी गेले.

शोरूममध्ये बातमी पोचली तेव्हा काकांनी पहिल्यांदा विचारलं ते रस्त्याचं. "टाकीच्या टेकडीवर कशाला गेले होते? तिकडे तर काहीच नाही." कुणाला ठाऊक नव्हतं. त्या टेकडीवर टाकीशिवाय काही नाही, आणि एक उतार आहे, लांब आणि चांगला उभा. काकांना तेव्हाच खाणीचा उतार आठवला. पण माणूस स्वतःला फसवायला किती हुशार असतो! ते स्वतःशी म्हणाले, चक्कर आली असेल. वय होतं.

आठ दिवसांनी सरकारी वाहन निरीक्षक आला. शिडशिडीत, सभ्य, हळू बोलणारा माणूस. मॅनेजर मॅडमच्या केबिनमध्ये त्याने टेबलावर कागद पसरले. मॅडम तिशीतली, काकांना वडिलांच्या जागी मानणारी. तिने काकांना बोलावून घेतलं.

"गाडीत दोष काही नाही," निरीक्षक म्हणाला. "ब्रेक उत्तम, टायर नवे, सगळी यंत्रणा चालू. गाडीतली नोंद सांगते की शेवटचे अकरा सेकंद ब्रेकला पाय लागलाच नाही. अॅक्सिलरेटरलाही नाही. गाडी नुसती सोडून दिलेली. धडकेच्या वेळी वेग अठ्ठावन्न."

"आपोआप ब्रेक लागायला हवा होता ना?" मॅडमने विचारलं.

"तो माणसासाठी, वाहनासाठी. वळणावरची दगडी भिंत त्या कॅमेऱ्याच्या खिजगणतीत नाही." त्याने पुढचा कागद घेतला. "सीट पार मागे घेतलेली होती. पाय मुडपून सीटमध्ये अडकले होते, धडकेत होतं असं. आणि बूट काढलेले होते. शेजारच्या सीटपुढे, पायपुसणीवर, जोडीने नीट ठेवलेले."

काकांनी आपल्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं.

"बूट?" मॅडम म्हणाली.

"जीव द्यायला जाणारी माणसं बूट काढून ठेवतात, मॅडम. पुलावर, तलावाच्या काठावर. आम्ही नेहमी बघतो." निरीक्षकाने आवाज आणखी खाली आणला. "घरी त्या सकाळी भांडण झालं होतं. बायकोनेच जबाबात सांगितलंय. गाडीवरूनच. रागाच्या भरात ती म्हणाली, जा, बसा त्या गाडीत आणि मरा तिच्यातच."

"अरे देवा," मॅडम म्हणाली.

"शेवटपर्यंत स्टीअरिंग मात्र फिरवत होते. शेवटच्या क्षणी पश्चात्ताप होतो माणसाला. फक्त एक विचारायचं राहिलं." त्याने तो एक्केचाळीस चौकोनांचा फॉर्म काकांपुढे सरकवला. "उतारावर वेग धरून ठेवायची सोय. चौतिसावा चौकोन. ही त्यांना समजावून सांगितली होती ना? म्हणजे बटण कुठलं, कधी दाबायचं वगैरे?"

काकांनी फॉर्मकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत एक लांब रेघ. रेघेच्या टोकाला त्यांची सही. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मॅडम त्यांच्याकडे बघत होती, तिच्या चेहऱ्यावर काही संशय नव्हता, नुसता विश्वास होता, आणि तोच जास्त वाईट.

"सांगितली होती," काका म्हणाले.

निरीक्षकाने लिहून घेतलं. निघताना त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या हातात काय होतं?"

त्यानंतर दोन महिने काकांनी मांडी घातली नाही. गुडघे धरलेत म्हणून सांगितलं. घरी बायको विचारायची, "ताटात एवढं टाकताय, झालंय काय तुम्हाला?" तर म्हणायचे, "पित्त." डोळ्यांपुढे सारखं तेच यायचं. डॉक्टर वाकतात, बूट काढतात, जोडी नीट लावून ठेवतात, कारण चामडं पांढरं आहे. डावा गुडघा दोन्ही हातांनी ओढून वर घेतात. गाडी सुटते. पहिले चार सेकंद ते हसत असतील, आता धरेल, आता धरेल म्हणत. मग कळलं असेल. आणि मग ते कुरकुरणारे गुडघे खाली काढायची धडपड, त्या अडचणीत, एका हाताने स्टीअरिंग सांभाळत. सात सेकंदांत तरण्याताठ्यालाही जमलं नसतं. पाच तारे मिळाले होते गाडीला, पण ते नीट बसलेल्या माणसाचे तारे. मांडी घातलेल्या माणसाची चाचणी कुणी घेतलेली नाही.

आणि ती बाई? तिच्याबद्दल विचार करायचं काका टाळायचे. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. काय सांगणार? तुमच्या नवऱ्याने जीव दिला नाही, मी घेतला?

ती स्वतःच आली. भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना. साठीची, उंच, करड्या स्वेटरातली बाई काचेचं दार ढकलून आत आली आणि त्या लांबड्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. तिने गाडीला हात लावला नाही. काका पुढे झाले, नेहमीच्या सवयीने तोंडावर हसू आणलं, आणि तिने नाव सांगायच्या आधीच त्यांना कळलं ही कोण.

"तुम्हीच ना ते?" ती म्हणाली. "ते घरी फार सांगायचे तुमच्याबद्दल. काका असे नि काका तसे."

"वहिनी, फार वाईट झालं."

"ते राहू द्या. सांत्वनाला नाही आले मी, ते खूप करून झालं लोकांचं." तिचा आवाज कोरडा ठणठणीत होता. "मला एकच विचारायचंय. गाडी आणल्यापासून रोज माझ्या मागे लागायचे. चल ग एकदा, एक गंमत दाखवतो. मी वीस दिवस त्या गाडीत पाऊल टाकलं नाही. हट्टाने. शेवटच्या दिवशीही तेच म्हणाले, चल, टेकडीवर जाऊन येऊ, गंमत दाखवतो. तेव्हाच मी ते बोलले. जे बोलले ते." तिने त्या गाडीकडे बोट केलं. "कसली गंमत होती हो? ठाऊक आहे तुम्हाला?"

आता सांगा, काय करायचं या माणसाने? नाही म्हणता आलं असतं. काचेच्या छताची गंमत, गरम सीटची गंमत, गाण्यांची गंमत, शंभर थापा तयार होत्या त्यांच्या जिभेवर. पण बाई त्यांच्याकडे अशी बघत होती की थाप काही तोंडाबाहेर पडेना.

"बसा गाडीत," काका म्हणाले. "दाखवतो."

काकांनी गाडी खाणीकडे घेतली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच काकांचा तोंडाचा पट्टा बंद होता. खडीवर गाडी जरा घसरल्यासारखी झाली आणि लगेच सावरली, चाकाचं चाकाने पाहून घेतलं. बाईने सीटची कड घट्ट धरली होती. काठावर गाडी थांबली. समोर उतार, आणि खाली दगडांचा तळ.

काकांनी सीट मागे घेतली. वाकले. एक बूट काढला, दुसरा काढला, आणि दोन्ही तिच्या पायांजवळ जोडीने ठेवले.

बाई त्या बुटांकडे बघत राहिली.

"हे का काढलेत तुम्ही?" तिने विचारलं. आवाज आता कोरडा नव्हता.

"चामडं पांढरं आहे, वहिनी. पाय वर घ्यायचे तर बूट काढावे लागतात." काकांना स्वतःचं बोलणं दुसऱ्याच कुणाचं वाटत होतं. "हे बटण बघा. सहांतलं तिसरं. हे दाबलं, इथे हिरवं चिन्ह आलं. आलं ना? आता गाडी स्वतः वेग धरते." त्यांनी ब्रेक सोडला आणि पाय वर घेतले, मांडी घातली. गाडी टकटक करत उतरू लागली. हळू, अगदी हळू. दगड एकेक करून मागे जात होते. बाईने ना सीट धरली ना काही, ती बटणाकडे बघत होती, मग काकांच्या मांडीकडे, मग बुटांकडे, पुन्हा बटणाकडे. तळाशी गाडी थांबली.

"एवढीच?" ती म्हणाली.

काकांनी तिसरं बटण पुन्हा दाबून हिरवं चिन्ह घालवलं.

"एवढीच गंमत?"

"एवढीच, वहिनी."

"म्हणजे ते मरायला गेले नव्हते."

"नाही."

"मला दाखवायची म्हणून सराव करायला गेले होते."

"बहुतेक. हो."

बाईने तोंडावर पदर नाही, हात नाही, काही घेतलं नाही. ती तशीच मोठ्याने रडली, गाडीच्या त्या गुळगुळीत शांततेत, आणि मध्येच एकदा चक्क हसलीही. "मूर्ख माणूस," म्हणाली. "अहो, गुडघे वाकत नव्हते त्यांचे! खुर्चीतून उठताना मला हाक मारायचे!" मग तिने डोळे पुसले आणि काकांकडे मान वळवली.

"बटण त्यांना ठाऊक नव्हतं."

"नव्हतं."

"मला दाखवलंत. त्यांना का नाही दाखवलंत?"

"दाखवलं असतं तर गंमत राहिली नसती," काका म्हणाले. यापेक्षा खरं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. "नंतर सांगायचं असतं. सांगायचं राहून गेलं माझ्याकडून."

"आणि त्या निरीक्षक साहेबांना तुम्ही ठोकून दिलंत की बटण समजावलं होतं. मी वाचलाय तो कागद." ती एकेक शब्द सुटा करून बोलत होती. "बूट काढल्याचं तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. साहेबांनी सांगितलं तेव्हा."

"म्हणजे दोन महिने."

"दोन महिने," काका म्हणाले.

"दोन महिन्यांत माझा मुलगा माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. मीच सांगितलं त्याला, मी काय म्हणाले ते. लपवून काय करायचं? तेव्हापासून फोन नाही, येणं नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूने जातो. बापाचे बूट पोलिसांकडून आणले ते पिशवीसकट दुकानात ठेवलेत त्याने, मला हातसुद्धा लावू दिला नाही. आणि मी म्हणत होते, बरोबर आहे त्याचं. मी नवऱ्याला मर म्हटलं आणि तो मेला. रोज सकाळी उठून मी हेच म्हणते स्वतःला. तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही गाड्या विकत होतात!"

"मला फोन करायचा होता," काका म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना स्वतःची शिसारी आली. "वहिनी, माझी चूक झाली. माफी मागायलाही तोंड नाही मला. मी भित्रा आहे."

"ते दिसलं."

काका पाय खाली सोडून बुटांसाठी वाकले. तर बाईने त्यांच्या आधी वाकून बूट उचलले आणि मांडीवर घेतले. काळे, पॉलिश केलेले, टाचेला जरा झिजलेले बूट, तिने ते पिशवीसारखे दोन्ही हातांनी धरले.

"गाडी काढा," ती म्हणाली. "मुलाच्या दुकानात जायचंय. चष्म्याचं दुकान आहे. रस्ता मी सांगते."

"वहिनी, मी नुसता शोरूममध्ये सांगून..."

"गाडी काढा म्हटलं ना!"

काकांनी काढली. मोज्यांच्या पायांनी त्यांनी कधी गाडी चालवली नव्हती. पेडल थंडगार लागत होतं. खाणीतून वर येताना चारही चाकांनी खडी पकडली आणि गाडी त्या उभ्या चढावर कुरकुर न करता चढली, एरवी इथे काका "बघा, बघा" म्हणाले असते. शोरूमसमोरून जाताना मॅडम दारात उभी दिसली. तिने हात केला. काकांनी गाडी थांबवली नाही. मॅडमचा फोन आला, गाडीतल्या मोठ्या पडद्यावर तिचं नाव झळकत राहिलं, आणि बंद झालं. आता फॉर्मवरची ती खूण खोटी होती हे तिलाही सांगावं लागणार, मग साहेबाला, मग लेखी. तीन वर्षं गेली ती गेलीच. काकांना त्याचं आश्चर्य वाटलं की या गोष्टीची भीती कमी वाटतेय आणि त्या अनोळखी मुलाची जास्त.

"डावीकडे," बाई म्हणाली. "आता सरळ. त्या बँकेच्या पुढे थांबा."

दुकान लहान होतं. एका भिंतीवर चष्म्यांच्या चौकटी ओळीने लावलेल्या, मध्ये काचेचा काउंटर, आणि काउंटरमागे बापासारखाच जरा वाकलेला, तिशीतला माणूस भिंग पुसत उभा. आईला पाहताच त्याने भिंग खाली ठेवलं.

"इथे कशाला आलीस?" तो म्हणाला.

"माझ्याशी बोलू नकोस," आई म्हणाली. "नाहीतरी बोलत नाहीसच. यांच्याशी बोल."

तिने काकांचे बूट काचेच्या काउंटरवर ठेवले. जोडीने, नीट. मुलाचं लक्ष आधी बुटांवर गेलं, मग दारात उभ्या असलेल्या त्या साठीकडे झुकलेल्या, सूटबूट घातलेल्या, पण बूटच नसलेल्या माणसाच्या पायांवर. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मुलगा एकदम पांढरा पडला. मागच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, प्लास्टिकची एक पिशवी दिसत होती.

"कोण आहात तुम्ही?" त्याने विचारलं.

काकांनी एक पाऊल पुढे टाकलं. फरशी गार होती. अकरा वर्षं ते ही गोष्ट शेवटाकडून, आधी गंमत आणि मग बटण अशी, सांगत आले होते, आणि आज कुठून सुरुवात करायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"गियरच्या दांड्याजवळ सहा बटणं असतात, साहेब," ते म्हणाले. "त्यातलं तिसरं मी तुमच्या वडिलांना दाखवलं नाही."